काळ्या फळीवरचं सूत

३ फेब्रुवारी, मंगळवार
गिरणीतून कापसाचा नमुना आला, सुताच्या कांड्या आल्या — आणि पाठोपाठ मालकांचा फोन. विणकरांनी सगळा माल परत पाठवलाय. कापडात पट्टे पडतात म्हणे. खोट कापसात की गिरणीत, एवढंच त्यांना हवंय. कापसात असेल तर व्यापाऱ्याशी बघून घेतील. "आणि गिरणीत असेल तर मला आमच्या सूतकताईच्या मास्तरांनाच विचारावं लागेल. मॅडम, तुमचे भाऊ आहेत ते. तरी तुमच्याकडेच पाठवतोय."
दादाच्या निवृत्तीला जेमतेम सव्वा वर्ष राहिलंय.
कापूस मोकळा करून कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवला. एक दिवस इथल्या हवेत मुरल्याशिवाय मोजायचा नाही, नाहीतर मापं खोटी येतात. पाहुणा दमून आलाय, आधी टेकू द्या, मग विचारपूस — असं मी वर्गात सांगते. आज वाटलं, टेकू दे की आठवडाभर!

४ फेब्रुवारी
कापूस चांगला आहे. तंतूंची लांबी, बारीकपणा, ताकद — कुठेच बोट ठेवायला जागा नाही. पुन्हा मोजला. पुन्हा चांगला.

५ फेब्रुवारी
आज सूत यंत्रातून काढलं. दर आठ सेंटिमीटरला बारीक होतंय, अगदी नेमानं. सूत कातणाऱ्या साच्याच्या पुढच्या रुळाच्या एका फेऱ्यात तेवढंच सूत बाहेर पडतं. म्हणजे रूळ वाकलाय. त्याचं काही नाही, रूळ वाकतातच.
पण माल बाहेर जाण्याआधी प्रत्येक वेळी थोडं सूत काळ्या फळीवर शेजारी शेजारी गुंडाळून बघतात. अशी नेमानं येणारी खोट फळीवर नक्षीसारखी उठते. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा ओळखतात. मालकांनी त्या फळ्याही पाठवल्यात. नक्षी लखलखीत. आणि प्रत्येकीच्या चिठ्ठीवर "ठीक", खाली दादाची सही. तीही चिठ्ठीवरून घसरून लाकडावर गेलेली. किती ती घाई!
फळी बघायला मला दादानंच शिकवलं. बाबा गेले, तो कॉलेज सोडून गिरणीत लागला, आणि सुट्टीच्या दिवशी मला सोबत न्यायचा. उजेडाकडे तिरकी धर. कडेनं धर. सुताला बोट लावायचं नाही — बोटानं सूत सरकतं आणि मग फळी खोटं बोलते. एकदा मी लावलं, तर हातावर चापटी बसली होती.
त्याच माणसानं डोळे मिटून सह्या केल्या? कुणाच्या दबावाखाली? मला रडूही येईना, इतका राग आलाय.

७ फेब्रुवारी, शनिवार
दादाकडे जेवायला गेले. "या वन्सं, वाट चुकलात की काय?" — वहिनी. दारातून दादानं नुसतंच "कोण?" विचारलं. मी बोलल्यावर म्हणाला, "चिमे, तू होय!"
वहिनी वाढता वाढता दादाची गाऱ्हाणी सांगत होती. काल चहा कपाच्या शेजारी ओतला. पेपर तिलाच वाचून दाखवावा लागतो, का तर तिचा आवाज गोड आहे. तीस वर्षांत हा गोडवा कधी कानावर पडला नव्हता, म्हणाली. आम्ही हसलो. दादाही हसला, जरा उशिरा.
विषय मी काढणार नव्हते. निरोप देताना त्यानंच काढला. "मापात पाप करू नकोस. माझ्यासाठी तर नाहीच नाही."
मग मी सरळच विचारलं, फळ्या बघितल्या होत्यास?
"बघितल्या की. स्वच्छ होत्या."
माझ्याशी खोटं. आयुष्यात पहिल्यांदा.

८ फेब्रुवारी
अहवाल लिहून झाला. सही करवत नाही. त्याच्या पगारावर शिकून मिळवलेली सही.

९ फेब्रुवारी, सोमवार
गिरणीत गेले. दादाला म्हटलं, माझ्यासमोर एक फळी बघ. त्यानं टेबलावरच्या चळतीतली वरची उचलली. खिडकीशी गेला. कडेनं धरली, तिरकी केली, मान किंचित कलती — सगळं तस्संच, लहानपणी बघत होते तसं. बराच वेळ बघितली.
"बघ. एकसारखं आहे. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही."
आणि फळी माझ्या हातात दिली.
पुढचं आज लिहवत नाही.

१० फेब्रुवारी
फळी कोरी होती. तिच्यावर सूत गुंडाळलेलंच नव्हतं.
मी त्याचं बोट धरलं आणि फळीवर टेकवलं. त्यानं हात मागे ओढला — शिस्त! मी पुन्हा टेकवलं. मग त्यानं स्वतःच ते वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं, लाकडावरून.
खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "अहवालात हेही लिही."