पाचवं भोक

३ डिसेंबर, दुपार

भोंगा यास,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं होतं, पण खोटं वाटलं म्हणून उचललं.

उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. तुझी नव्या वर्षाची भेटकार्डं येत राहिली, नव्या घराचं बोलावणं आलं, तुझ्या कार्यक्रमांचे पास आले, आणि मी एकालाही दोन ओळींचं उत्तर धाडलं नाही. माफी या उशिरापुरतीच आहे. पुढे जे लिहिणार आहे त्याची मागत नाही.

इकडचं सांगायचं तर माझी शिकवण्याची नोकरी चालू आहे. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. तुझा मित्र आणि माझा नवरा बरा आहे. घरी असतो हल्ली.

त्याला तुझा फोन आला तेव्हा मी भांडी पुसत होते. तुझा आवाज फोनमधून ओट्यापर्यंत येतो. उगीच नाही पहिल्याच वर्षी तुझं नाव भोंगा पडलं.

"काय कंपास, जिवंत आहेस का लेका?"

"तू ऐकू येतोयस, म्हणजे असणार."

"ऐक. कॉलेजच्या संमेलनाला यायचंच. आपल्याच ड्रॉइंग हॉलमध्ये आहे. मी डासाचा किस्सा सांगणार, मग तुला वर बोलावणार, आणि तू फळ्यावर एका झटक्यात गोल काढायचास. नुसत्या हाताने, तेव्हा काढायचास तसा. लोक वेडे होतील."

"बरं."

"नुसतं बरं काय? खडू कुठला हवा ते बोल."

"पांढरा चालेल की."

त्याने फोन खाली ठेवला आणि उजवा हात मांडीखाली घालून बसला. मी विचारलं, "नाही का म्हणाला नाहीस?" तर म्हणतो, "भोंग्याला नाही कसं म्हणायचं?"

म्हणून नाही म्हणायचं काम मी करते आहे. त्याला वर बोलवू नकोस. गोल काढायला लावू नकोस. कारण विचारू नकोस.

एवढं लिहून पाकीट चिकटवता आलं असतं. पण मला माझी खोड माहीत आहे, तुलाही आहे. तुम्ही मला पट्टी म्हणायचात ते काही मी सरळ चालायचे म्हणून नव्हे. वाकडी रेघ दिसली की मला गप्प बसवत नाही. आणि तुझा डासाचा किस्सा ही वाकडी रेघ आहे.

तू तो कसा सांगतोस ते मी पाहिलं आहे. लेकीनेच तुझ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ फोनवर दाखवला. तू रुमालाने कपाळ पुसतोस, पाणी पितोस, मग म्हणतोस, "आमच्यात एक कंपास होता. बिचारा इतका प्रामाणिक, इतका प्रामाणिक, की माझ्या शीटवरून छापताना त्याने डाससुद्धा सोडला नाही." मग तू वाकून डास छापणाऱ्याची नक्कल करतोस, जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून. सभागृह लोळतं. खरं सांगायचं तर सांगतोस फार छान. मी तिथे नसते तर मीही हसले असते.

पण मी तिथे होते. म्हणून आता माझ्याकडून ऐक.

कँटीनच्या मागे मोडक्या खुर्च्यांची खोली होती. दोन स्टुलांवर आडवी काच, काचेखाली टेबललॅम्प, काचेवर मूळ शीट आणि तिच्यावर कोरा कागद. खालच्या रेघा वर उमटायच्या, त्या गिरवायच्या. त्याला आपण 'काचकाम' म्हणायचो. काच नोटीस बोर्डाची होती; तूच स्क्रू काढून आणली होतीस. त्यानंतर सत्रभर नोटिसा वाऱ्याने उडत राहिल्या, आणि परीक्षेची तारीख अख्ख्या वर्गाला बागेच्या माळ्याकडून कळली, कारण तो कागद गुलाबात अडकला होता. हा किस्सा तू कधी सांगत नाहीस. तो खरा आहे, आणि त्यात कुणाचं हसं होत नाही, म्हणून असेल.

मूळ शीट नेहमी कंपासची असायची. वर्गात स्वतः चित्र काढणारे तो आणि मी, दोघंच, आणि त्यात हात त्याचा. बाकीच्यांना गोल काढायला खराखुरा कंपास लागायचा, त्याला लागायचा नाही. लोक त्याला मुद्दाम गोल काढायला लावायचे आणि मग त्यावर खरा कंपास फिरवून बघायचे. तू तर पैजा लावायचास.

त्या वेळी पंपाच्या बैठकीचं चित्र होतं. चार कोपऱ्यांत बोल्टची चार भोकं. त्याची शीट पूर्ण झाली, आणि मधोमध एक डास बसला, त्यावर कुणाची तरी वही आपटली. डास तिथेच वाळला. पहिलं काचकाम तुझं. तुला सिनेमाला जायचं होतं. खालून उजेड, मध्ये काळा ठिपका. तू त्याच्याभोवती नीट गोल काढलास, त्याला मध्यरेषा दिल्यास, बाणाने मापसुद्धा दिलंस. ते माप तुला डासाने सांगितलं असावं. मी टोकलं, "अरे, तिथे काही नाहीये." तू म्हणालास, "कंपासने काढलंय म्हणजे असणार." आणि निघून गेलास.

कंपास शीट घेऊन गेला होता, म्हणून बाकीच्यांनी तुझ्या शीटवरून छापलं. त्यांच्यावरून आणखी बाकीच्यांनी. आठवडा संपेपर्यंत वर्गभर पंपांना पाच भोकं; माझी शीट तेवढी अजून अर्धीच होती. पाचवं पंपाच्या बरोबर पोटात. तो पंप कुणी बनवला असता तर पाणी वर चढण्याऐवजी कामगाराच्या बुटात गेलं असतं.

मग शीट तपासायचा दिवस. ड्रॉइंगचे सर, आपले खोडरबर, रांगेतून फिरत कंपासपाशी थांबले.

"ही कुणाची?"

"माझी, सर."

"सगळ्या वर्गाची भोकं पाच. तुझी चार. नक्कलही धड करता येत नाही तुला?"

सरांनी शीटच्या मधोमध बोट टेकवलं.

"आणि हे काय चिकटलंय?"

"डास आहे, सर."

वर्ग फुटला. सगळ्यांत आधी तू हसलास. भोंगाच तो, ओळखू येणारच. सरांनी त्याच्या शीटवर लाल फुली मारली आणि पुन्हा काढायला सांगितली, पाच भोकांची. वर्गातली एकुलती बरोबर शीट चूक ठरली. त्याने मुकाट्याने पुन्हा काढली, पाच भोकांची.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांना पुन्हा काढावी लागली असती. त्यांच्या हाताने त्याला वर्ष लागलं असतं. मला काय, दुपारचं काम."

त्या उत्तरावर मी त्याच्याशी लग्न केलं, असं म्हटलं तर तू त्याचाही किस्सा करशील. करू नकोस.

मी स्वतःला विचारून पाहिलं, की एका वाळलेल्या डासासाठी या वयात इतका राग कशाला? तू पोटासाठी लोकांना हसवतोस, थोडं इकडचं तिकडे करावं लागत असेल. तुला कदाचित आता खरंच तसंच आठवत असेल. मला हे मान्य करावं लागतं. मान्य करूनही राग उतरत नाही, हेही लिहून ठेवते.

लेकीच्या वसतिगृहात तुझा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. तिने एकदा बापाला फोन केला, मागे मैत्रिणी खिदळत होत्या. "बाबा, तुला कॉलेजात कंपास म्हणायचे ना? तो डास छापणारा तूच का?" मी बाजूलाच होते. मी मानेने नाही नाही करत होते. तो म्हणाला, "मीच गं." आता तिच्या मैत्रिणी तिला डासकन्या म्हणतात. ती हसत सांगते. तिला बाप थोडा वेंधळा वाटतो, आणि तो तिला तसं वाटू देतो. तुझी चूक त्याने तेव्हा एकदा अंगावर घेतली. तू ती त्याच्या अंगावरून कधी उतरवलीच नाहीस.

हं. आता दुसरं.

मघाशी लिहिलं, तो घरी असतो. त्याने ऑफिसात सांगितलं, आता सगळी चित्रं कॉम्प्युटरच काढतो, माझं काय काम. लोकांना पटलं. मी रोज त्याला चहा अर्धा कप देते आणि तो संपला की पुन्हा अर्धा. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही. दारात पार्सलवाला सही मागतो तेव्हा तो आतून ओरडतो, "अगं, तू कर, माझे हात ओले आहेत." हात कोरडे असतात.

डॉक्टरीण बाईंनी त्याला कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, मधून सुरू करून बाहेर बाहेर जाणारी गोगलगाय काढा, घाई नाही. तपासणीचा भाग असतो तो. मी शेजारी बसले होते. ज्याच्या हातावरून अख्खा वर्ग पास झाला, त्याने ती गोगलगाय काढली. काढून झाल्यावर कागद लांब धरून बघितला आणि मला म्हणाला, "याचं काचकाम कुणाला जमायचं नाही बघ."

डॉक्टरीण बाईंना कळलं नाही. मी हसले. मग हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले.

आजाराचं नाव कुणाला सांगू नको, असं त्याने मला बजावलं आहे, लेकीलासुद्धा नाही. मी तुला नाव सांगितलेलं नाही. फक्त एका कागदाबद्दल लिहिलं. ही पळवाट आहे हे मला कळतं. आजवर मी त्याला दिलेल्या शब्दाला अशी बगल दिली नव्हती, आणि ती तुझ्यामुळे द्यावी लागली, याचाही तुझ्यावर राग आहे.

तुला वाटेल, मग त्याने तुला बरं का म्हटलं? मलाही वाटलं. आज सकाळी उत्तर मिळालं. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. आरशावर वाफ धरली होती आणि तो बोटाने त्यावर गोल काढत होता. काढायचा, बघायचा, तळव्याने पुसायचा. मी दारातच विचारलं, "कशाला हे?"

"हात बरा असला त्या दिवशी, तर काढीन."

"आणि नसला तर?"

"तर भोंगा आहे की. सांभाळून घेईल."

भोंग्या, सगळ्या पत्रातला माझा राग या एका वाक्याचा आहे. बाकीचं मी तुला माफ केलं असतं. तो तुझ्यावर विसंबून त्या फळ्यासमोर उभा राहणार आहे. तुझ्यावर. आणि तू काय करशील ते मला दिसतं. हात थरथरला की तू अर्ध्या क्षणात म्हणशील, "बघा, इतक्या वर्षांनी डास अजून चावतोय." तुला दुष्टपणा सुचत नाही, हशा सुचतो. पण ज्याला तो लागतो, त्याला फरक कळत नाही.

मी तुला पत्र लिहिते आहे हे त्याला माहीत आहे. तो एवढंच म्हणाला, "पाचव्या भोकाचं लिहू नकोस. त्याला आठवत नसेल, उगाच ओशाळेल." बघ, अजून तुझ्या ओशाळण्याची काळजी. मी लिहिलं. ओशाळ.

म्हणून वर जे मागितलं होतं ते खोडते. बोलवू नकोस म्हटलं होतं. त्याला यायचं आहे, आणि त्याची ही हौस मारणारी मी कोण? आम्ही येऊ. पण खडू तू हातात धरायचा. किस्सा सांग, हवा तेवढा हसव. मग फळ्यावर तू स्वतः पंपाची बैठक काढ, तुझ्या त्या भिकार हाताने, चार कोपऱ्यांत चार भोकं. मग मधोमध पाचवं काढ आणि सगळ्यांसमोर तोंडाने सांग की हे माझं. त्याची चार बरोबर होती, हेही सांग. तो पहिल्या रांगेत बसेल आणि तुझ्या रेघा किती वाकड्या आल्या ते सांगेल. ते काम त्याला अजून उत्तम येतं. लोक हसतील, याची हमी मी देते. या वेळी तुझ्यावर हसतील.

हे जमणार नसेल तर संमेलनात त्याच्याजवळ फिरकू नकोस, आणि यापुढे कंपास हा शब्द स्टेजवर तोंडातून काढू नकोस. उत्तर त्याच्या फोनवर देऊ नकोस. मला लिही.

तेव्हा तुझ्या शीटपाशी टोकूनही न ऐकलेली,
पट्टी

रोजनिशीच्या पानाखाली उद्याचं काम लिहायची सवय आहे, ती इथेही सुटत नाही.

उद्या: त्याच्या संमेलनाला घालायच्या पांढऱ्या शर्टाला आतून एका दाबात लागणारी टिचबटणं लावणे, आणि जुनी बटणं वरून तशीच शिवणे, दिसायला.