जयदेवचा कित्ता

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आज सकाळी फलकासमोर उभा राहिलो आणि साठ वर्षांपूर्वीचा एक आवाज कानात आला. उल्हासनगरच्या कॅम्पातली आमची शाळा म्हणजे लष्कराची जुनी बराक. पत्र्याखाली चाळीस पोरं डोलत, चालीवर कविता म्हणत. ओळ संपली की सगळी एकदम थांबत, आणि त्या शांततेत गुरुजींच्या खडूचा टक्‌ टक्‌ आवाज येई. पुढच्या ओळीवरचे अनुस्वार. तेवढ्या आवाजावर मी पुढे मराठीचा मास्तर झालो, अंबरनाथच्या शाळेत चौतीस वर्षं.

आता एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा हातात खडू आला आहे. आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या भावनाताई पालेगावापलीकडच्या नव्या विद्यापीठात विद्यार्थी कल्याण पाहतात. बेलवलीतल्या आमच्या सोसायटीच्या पाटीवर ‘शुक्रवारी बारवीचे पाणी बंद’ असं मी लिहिलं होतं. ते पाहून त्यांनी घरी येऊन विचारलं, काका, आमच्याकडे लिहाल का. मी म्हटलं, विचार करून सांगतो. विचार मी तीन मिनिटं केला.

परिसर सुंदर आहे. फाटकातून आत शिरलं की छपराखाली बारा फुटी काळा फलक. डावीकडे ‘आगामी कार्यक्रम’, उजवीकडे ‘आज परिसरात’. रोज साडेआठला फलक पुरा झाला की त्याचा फोटो सगळ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जातो. आज लिहिलं : मंगळवारी रक्तदान शिबिर, गुरुवारी आंतरविभागीय कबड्डी, सोमवारपासून राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर बारवी धरणाजवळच्या पाड्यावर, उपाहारगृहात मिसळ, आणि ग्रंथालयात सापडलेला एका पायाचा सॅंडल. सॅंडललाही मी तेच वळण आणि तोच मान दिला.

माझ्याआधी हे काम जयदेव नावाचा शिपाई करायचा. अकरा वर्षं. दिवाळीत वारला म्हणे. बिचारा.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फाटकावरच्या हिंदुरावाला विचारलं, कसं वाटतं अक्षर. म्हणाला, सर, झकास, एकदम टापटीप, पन जयदेवकाकांचा विषयच वेगळा होता. हे ‘पन’ मला दिवसभर चावत राहिलं.

दोन मुली फलकाचा फोटो काढताना आपसात बोलत होत्या. एक म्हणाली, सर क्लीन लिहितात यार. दुसरी म्हणाली, हां, पण जयदेवकाकांचं बघून वाटायचं कोणीतरी आपल्याला हाक मारतंय.

रंगीत खडू आणायला उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, जुना. विद्यापीठाचं नाव घेताच त्याने न विचारता एक खोका पुढे केला. साईं, जयदेव यही ले जाता था, आप भी यही लो, हाथ बैठ जाएगा. मी मुद्दाम दुसऱ्या कंपनीचा घेतला.

शिक्षणाधिकाऱ्यांनी माझा फळा पाहून अख्ख्या शाळेला उभं केलं होतं एकदा. ‘हे पाहा, अक्षर.’ हिंदुरावाला मी ही गोष्ट सांगितली. तो हो हो म्हणाला आणि एका रिक्षाला आत सोडायला गेला.

सोमवार, १० फेब्रुवारी

भावनाताईंनी आज मजकूर दिला. आगामी कार्यक्रम : मराठी भाषा गौरव दिन, गुरुवार २७ फेब्रुवारी. जयदेव स्मृती हस्ताक्षर स्पर्धा.

मला माझ्याच खडूने ते लिहावं लागलं.

प्रमुख पाहुण्या त्याची विधवा, ठमाबाई. पालेगावच्या. विद्यापीठाची ही जमीन पूर्वी त्यांचीच भातखाचरं होती, त्या बदल्यात जयदेवला शिपायाची नोकरी मिळाली. ठमाबाईंना लिहिता-वाचता येत नाही. हस्ताक्षर स्पर्धेला प्रमुख पाहुण्या! मी विचारलं, परीक्षक कोण. भावनाताई म्हणाल्या, मराठी विभाग बघेल काका, तुम्ही त्या दिवशी फक्त फलक जरा डेकोरेटिव्ह करा ना.

सातवी शिकलेला माणूस. मी त्याच्यासारख्या तीन पिढ्यांना बाराखडी शिकवली. आणि माझ्या नावाने एक पेन्सिलसुद्धा कुणी ठेवली नाही. हे लिहितानाही माझं अक्षर सुरेखच आहे. रागातही बिघडत नाही, हा माझा अभिमान.

बुधवार, १२ फेब्रुवारी

छपरामागच्या कपाटात त्याच्या वह्या सापडल्या. रोजचा मजकूर तो आधी पेन्सिलीने वहीत लिहून बघत असे. नऊ वह्या. दोष काढायला म्हणून चाळायला घेतल्या. र चं शेपूट ओळीखाली उतरतं. वेलांटी बांधावरून वाट वळावी तशी वाकडी. शिरोरेघ सरळ नाही, चालत असल्यासारखी. सगळं चूक. आणि तरी नजर हटेना.

लहानपणी गुरुजी कित्ता देत. त्यांनी लिहून दिलेल्या फिक्या अक्षरावरून आपण गडद गिरवायचं. वह्याच्या वह्या गिरवून झाल्या की त्यांचं वळण आपल्या हातात उतरे. माझा हात असाच घडला. मनात आलं, त्याचं वळण एकदा घोटून टाकावं. मग त्यावर मात करणं सोपं. एक वही घरी आणली. दुपारी जेवण झाल्यावर त्याच्या पेन्सिलीवरून शाईने गिरवत बसलो. चाळीस पानं. चहा निवून गेला.

मेलेल्या माणसाच्या रेघांवर शाई चढवली. लिहून ठेवतो, नंतर नाकारायला नको.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज फलकापुढे गर्दी. पहिल्यांदा. हिंदुराव टोपी काढून उभा. म्हणाला, सर, आज डायरेक्ट काका आले. ग्रुपवर पोरांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. भावनाताईंचे डोळे पाणावले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, घटकाभर. मग लक्षात आलं, टाळ्या पडतायत त्याला. हात माझा, खडू माझा, उभं राहून दुखणारे गुडघे माझे.

घरी बायकोला वाण्याची यादी लिहून दिली. माई ती हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, अहो, किती छान आलंय आज अक्षर. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या अक्षराबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. लग्नाआधीची माझी पत्रंसुद्धा तिने ‘पोचली’ एवढंच म्हणून ठेवून दिली होती.

यादी पाहिली. र चं शेपूट ओळीखाली. साखर, तूरडाळ, राजगिरा, सगळे त्याचे. मी ती फाडली आणि माझ्या हाताने पुन्हा लिहिली.

दुसरीही त्याचीच निघाली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तीन दिवस प्रयत्न चालू आहे. सावकाश, एकेक अक्षर मनात आणून लिहितो. कागदावर येईपर्यंत ते वळतं. बॅंकेत फॉर्मवर सही केली. काउंटरवरच्या मुलीने संगणकातली जुनी सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, काका, नीट करा ना, तुमचीच करा. पाच वेळा केली. शेवटी अंगठा घेतला.

मास्तराचा अंगठा घेतला.

या रोजनिशीची पहिली पानं उलटून पाहतो. तिथे मी आहे. ताठ, गोल, स्वच्छ. इथे मी नाही. माझ्याजवळ दुसरं काय होतं? घर मुलाचं, पेन्शन सरकारची, कविता दुसऱ्यांच्या. अक्षर तेवढं माझं.

वही परत कपाटात ठेवून आलो. गिरवणं बंद.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

गिरवणं बंद आहे. तरी थांबलं नाही.

आज भावनाताईंच्या चिठ्ठीत होतं : शिबिरार्थी बारवीहून परतले, सोमवारी अहवाल वाचन. मी तेच लिहीत होतो. मागे सरून पाहिलं तर आगामी कार्यक्रमांखाली होतं : ‘सोमवारी वरच्या खाचरातले वाल उपटायचे. ठमे, भाकर घेऊन लवकर ये.’

वरचं खाचर कुठलं? हिंदुरावाला विचारलं. म्हणाला, ती कबड्डीच्या मैदानाची जागा ना सर, जुने लोक अजून तसंच बोलतात. तुम्हाला कोण बोललं?

पुसायला फडकं उचलू गेलो. उजवा हात फडक्याकडे जाईना. डाव्याने पुसायला लागलो, तोवर फोटो गेला होता. पोरांना वाटलं, मराठी दिनासाठी काही गंमत आहे. भावनाताई म्हणाल्या, काका, कसलं सुचतं तुम्हाला, मातीतलं एकदम, रोज टाका. चार तासांत अर्ध्या पालेगावच्या मोबाइलवर.

ठमे. बायकोला चारचौघांत असं कोणी म्हणतं का? मी माईला कधी नावाने हाकही मारली नाही. आणि हा तिला अशी हाक मारायचा, तीही मेल्यावर, माझ्या हाताने. मला हेवा वाटला. भीती नंतर वाटली, आधी हेवा. जे खरं ते लिहितो.

रविवार, २३ फेब्रुवारी

माईला सगळं सांगितलं. म्हणाली, वय झालं, डॉक्टरांना दाखवू, हाताला कंप असेल. कंप नाही. कंप असता तर बरं.

मग तिने हळूच विचारलं, दुपारी झोपेत तुम्ही ठमी ठमी करत होता, ती कोण? मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. जेवायला वाढताना माझं ताट जरा लांबूनच सरकवलं.

उद्या काम सोडल्याचं भावनाताईंना तोंडी सांगणार. लेखी नको.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सांगितलं. ऐकेनात. काका, गुरुवारपर्यंत तरी, मग बघू. ठमाबाई तुम्हाला भेटायचं म्हणतायत. गावातल्या कुणाच्या तरी फोनवर त्यांनी फलक पाहिला. वाचता येत नाही, पण अक्षर ओळखलं म्हणे. फोन छातीशी धरून बसल्या होत्या. तुमचा पत्ता मागत होत्या, दिला मी.

कशाला दिला?

खडू हातात घेतला नाही. खिशात हात घालून उभा राहिलो. खिशात बोटं हलत होती. मांडीवर लिहीत होती. काय ते मला कळत होतं. राब. बांध. ये. ये.

मंगळवार, २५

डाव्या हाताने लिहून पाहिलं. वाकडंतिकडं, पहिलीतल्या पोरासारखं, पण माझं असेल असं वाटलं —

र चं शेपूट ओळीखाली.

आज कविता म्हणून पाहिली. शाळेतली, पाठ असलेली, चालीवर. पहिली ओळ आली. दुसरीच्या जागी कुणाची तरी बैल हाकायची हाळी आली. मला बैल हाकता येत नाही. मी कधी शेतात —

माईला माझं नाव विचारलं. तिने श्यामकांत सांगितलं आणि रडायला लागली. मी लिहून ठेवतो. श्यामकांत. श्यामकांत. श्याम

जय

नाही.

बुधवार, २६. महाशिवरात्र

विद्यापीठाला सुट्टी. फलक नाही. बरं आहे. माई उपासाचं करते आहे. रस्त्यावर अंबरनाथच्या देवळाला निघालेली माणसं. दुपारचे बारा. लख्ख ऊन. सगळं नेहमीसारखं आहे. मुद्दाम लिहितो, मी इथे आहे, बेलवलीत, माझ्या खुर्चीत —

बेल वाजली.

माई गेली दार उघडायला. बोलणं ऐकू येतं. बाईचा आवाज. माई विचारते, कोण पाहिजे. बाई म्हणते, मांझा मानूस.

माई म्हणते इथे तुमचं कोणी नाही. आवाज चढतो आहे तिचा. कधी चढत नाही. चव्वेचाळीस वर्षांत — माझ्यासाठी भांडते आहे माई. मी ऐकतो आहे. उठायला हवं. माईकडे जायला —

दारात दिसते इथून. हातभर नव्या हिरव्या बांगड्या. कपाळाला कुंकू, ओलं, मोठं. माईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघते. माझ्या तोंडाकडे नाही. हाताकडे.

कवरा येल केला म्हणते, इतका उशीर. चला घरा.

माईने दार लोटलंय, पण ती मधे —

हात पेन सोडत नाही. मी उठलो नाही. उठलो नाही तरी उभा आहे. माई मागे वळून बघते आहे, तिला मी — माई, मी इथे, मी अजून —

आलू गं ठमे, ही वळ पुरी करतू आन