आबांच्या नावावरची पावलं

आवं, ऐकताय का,

जन्मभर ह्याच हाकेनं बोलावलं, आता पत्रात दुसरं काय लिहू? चौथीतच शाळा सुटली माझी, अक्षर वाकडंतिकडं येईल, सांभाळून घ्या. आज संध्याकाळी आपली सोनाली पुण्याहून कोरेगावला यायची आहे. आली की ती फोनातलं तुमचं नाव काढणार. मीच काढ म्हणाले. पण तुम्हाला न सांगता तुमचं नाव कसं पुसायचं? म्हणून दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले.

गोष्ट तुमच्या घड्याळाची आहे. सोनालीनं बांधलं होतं, तेच. नात घड्याळाच्या पोटातले बारके भाग बनवते म्हटल्यावर मी अख्ख्या आळीला सांगत सुटले होते! एकदा तिनं एक भाग बोटावर ठेवून दाखवला. मोहरीएवढासुद्धा नव्हता. तेवढ्यात मला आली शिंक! पोरगी तासभर फरशीवर रांगत होती. "आजे, तुज्या एका शिंकंनं माजी नोकरी जायाची," म्हणाली.

त्या घड्याळाला वायर लावायची नाही, ऊन खाऊनच ते चालतं. सिमसुद्धा त्याच्याच पोटात. मनगटाला हिरवा उजेड लावून काळजाचे ठोके मोजतं, पावलं मोजतं, आणि माणूस पडला तर घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ओरडतं. काय एकेक निघतंय बाई! मला तर लय कौतुक. तुम्ही मात्र म्हणालात, "मेंढराच्या गळ्यात घंटी, तशी ही माज्या हातात."

एक सल आहे, तो आत्ताच सांगून टाकते. कवठे महांकाळपासून इथवर मेंढरं घेऊन येणारा माणूस तुम्ही. शेवटी खाटेपासून मोरीपर्यंत, दिवसाची चाळीस पावलं. आणि मी काय करायचे? संध्याकाळी फोन तुमच्या तोंडापुढं धरायचे. "चाळीसच व्हय? नात काय म्हनंल?" तुम्ही बिचारे भिंतीला धरून आणखी दहा टाकायचात. गुडघ्यात कळ किती येते ते घड्याळ मोजत नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

तेराव्याला तुमच्या वस्तू वाटल्या. घोंगडं आणि काठी तुमच्या धाकट्या भावाला, बिरू भावजींना गेली. घड्याळ उरलं. गेलेल्या माणसाच्या अंगावरचं घरात ठेवू नये म्हणतात, म्हणून मीच ते भावजींच्या मनगटाला बांधलं.

"वैनी, ह्यात टाईम कुटं दिसतो?"

"दाबा कुटंबी, दिसंल."

एवढंच आमचं शिक्षण! भावजी मेंढरांकडं परत गेले आणि मी घड्याळ विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी जेवताना आपला महादेव एकदम उठला. हात भाताचा, तोंड पांढरं. "आई," म्हणाला, "आबांचं ठोकं पडत्यात." फोनवर अक्षरं होती, आबा आज चौदा हजार पावलं चालले. खाली काळजाचं चित्र, उघडतंय मिटतंय. बहात्तर. चौऱ्याहत्तर. बहात्तर. तुम्हाला अग्नी देऊन आलेलं पोर ते! आम्ही मायलेक खरकट्या हातानं बघत बसलो.

सोनालीला फोन लावला तर ती हसली आणि मग रडली. "आजे, भूत न्हाई. बिरू आजोबांच्या हातात हाय न्हवं त्ये? नाव बदलायला दोन मिंटं लागत्यात. बदलू?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले.

का म्हणाले, ते तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? सकाळी उठले की देवाआधी फोन बघायचे. आबा साडेपाचला उठले. आबा चालायला लागले. चाळीस पावलांत अडकलेला माझा माणूस वीस वीस हजार पावलं चालत होता! शेजारणीला सांगायचे, "आज आमच्यांनी लय वाट तोडली." ती बाई माझ्याकडं बघायची आणि विषय बदलायची.

दिवाळी सरली तसा नकाशावरचा निळा ठिपका पुढं सरकायला लागला. विटा मागं पडलं, पुसेसावळी आली. दर साली तुम्ही ह्याच वाटेनं यायचात. मनगट कुणाचं आहे ते मला ठाऊक होतं, अगदी पक्कं ठाऊक होतं. तरी ठिपका रहिमतपूरजवळ आला त्या दिवशी मी वेणी घालून दारात बसले. दोन भाकरी जास्त थापल्या. हसू नका! कोण येणार होतं म्हणून थापल्या, ते माझं मलाही सांगता येणार नाही.

आणि मग गेल्या मंगळवारी, भर दुपारी, फोन ओरडला. आबा पडले आहेत. मदत हवी आहे.

घड्याळ काढून अंघोळीला गेलात आणि मोरीत पडलात, तो दिवस पुन्हा समोर आला. तेव्हा मी शेजारी वाळवण करत बोलत बसले होते, तुमची हाक मला ऐकू आली नव्हती. आता फोन पोटाशी धरून तिथंच खाली बसले. "आवं, मेल्यावर बी पडायचं सोडंना व्हय तुमी!" म्हणत रडत राहिले. तिकडं बाजारातल्या दुकानात महादेवनंही तेच वाचलं आणि फोन पालथा घातला. बापाचं नाव तसं वाचवेना त्याला. भावजींचं नाव आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. सोनाली कामावर, तिचा फोन बाहेर कपाटात.

अर्धा तास तरी असाच गेला. डोळे पुसून बघितलं तर ठोके एकशेतीस. मग एकशेचाळीस. आणि मला चटका बसल्यासारखं झालं. मेलेल्याचं काळीज घाबरत नाही हो! घाबरतं ते जित्या माणसाचं.

"महादेव, आरं बिरू पडलाय! पळ!" मी फोनवर किंचाळले.

महादेव गाडी घेऊन ठिपक्यावर गेला. कोरड्या ओढ्यात दगडावरनं घसरून भावजी पडले होते. मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं, रक्त वाहत होतं आणि मेंढरं भोवती उभी. साताऱ्याला नेऊन ऑपरेशन केलं. वाचले. हाड सांधेल म्हणतात, पण रक्त फार गेलंय, लवकर आणायचं होतं, असंही डॉक्टर म्हणाले.

मी भेटायला गेले. भावजी तोंडानं तसेच! "वैनी, मेंढरं म्हनत आसतील, म्हातारा एकटाच निजलाय झकास." मग म्हणाले, "घड्याळ बोलत हुतं, घरच्यांना कळिवलंय म्हनून. म्या म्हटलं, मंग येतील. लय येळ वाट बघितली. कुनाला कळिवलं हुतं वो त्यानं?"

काय सांगू मी? की मला कळवलं होतं आणि मी तुमच्यासाठी रडत बसले होते?

त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, काच तडकलेली. त्यांचे ठोके, त्यांची पावलं, त्यांची हाक, सगळं मी तुमच्या नावावर ठेवलं होतं. यंत्रानं आपलं काम चोख केलं, चूक माझी होती. तुम्ही तरी मला झिडकारायचं होतं! स्वप्नात येऊन एकदा म्हणायचं, मी कुठं चालतोय, तो बिरू आहे. तुम्हालाही ते चालणं बरं वाटत होतं काय?

काल सोनालीनं विचारलं, "आजे, ही सगळी पावलं आबांची म्हनून येगळी ठिवून देऊ का?" ठेव म्हणावंसं वाटलं. पण नाही म्हणाले. जो चालला, त्याचीच ती. सगळी भावजींच्या नावावर लाव म्हणाले.

तर आता संध्याकाळी ती विचारेल, बदलू? मी व्हय म्हणेन. तुमचं नाव जाताना डोळे मिटणार नाही, बघेन. आणि एक शब्द देते तुम्हाला. फोन पुन्हा ओरडला, कुणाच्याही नावानं ओरडला, तरी मी आधी धावेन. रडायचं ते माणूस खाटेवर नीट निजल्यावर.

तुमचीच,
हौसा