नाही म्हणण्याआधी तीनदा

आई, मी कालच परत आले. आठ महिने ज्या देशात राहिले तो माझ्या मुलीपेक्षाही वयाने लहान आहे. त्यांच्या पहिल्या मतदानाला मदत करायला आम्ही बाहेरची चार माणसं गेलो होतो: एक नेपाळचा, एक फिलिपिन्सचा, एक आयर्लंडची आणि लालबागची मी. देश उभारायला म्हणे! तू म्हणाली असतीस, "आधी स्वतःचं कपाट लाव." तुला तिथलं सगळं सांगायचं आहे, आणि शेवटी एक गोष्ट, जी मी तुझ्यापासून लपवली.

परळच्या शाळेतली तुझी इलेक्शन ड्युटी आठवते. तुझ्यासोबत शिकवणाऱ्या बाकीच्या बाई डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून सुटायच्या, तू मात्र दर वेळी जायचीस. मी दहा वर्षांची, तुझा डबा घेऊन दारात उभी. गिरणीतला एक म्हातारा हात जोडून म्हणतोय, "बाय, माझा नाव बघ गो. गेल्या खेपेक होता." शेजारचे क्लार्क म्हणाले, "नाही यादीत. चला, पुढचे." तू त्यांच्या हातातून यादी ओढून घेतलीस. एकदा पाहिलीस, दोनदा पाहिलीस. मागे रांग कुरकुरतेय. तिसऱ्यांदा नाव सापडलं, दुसऱ्याच चाळीच्या पानावर. म्हातारा बाहेर पडला तो शाईचं बोट जपून वर धरून. घरी भाकऱ्या थापताना तू म्हणालीस, "नाही म्हणणं फार सोपं असतं गं. म्हणून आधी तीनदा बघायचं." मी म्हटलं, एका मताने असं काय होतं? पिठाच्या हाताचा धपाटा बसला पाठीत. फ्रॉकवर तुझी पाचही बोटं उमटली होती.

त्या देशात उजाडायच्या आत माणसं रांगेत होती. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांची घरं जाळली, ती एकामागे एक, भर उन्हात. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण जागाही सोडत नव्हतं. मी बघतच राहिले. यांना शांतता शिकवायला आम्ही आलो होतो! स्वतःची थोडी लाजच वाटली.

दुपारी, लढाईत हरलेल्या बाजूची एक आजी आली, मागे तिच्या वस्तीतली चाळीसेक माणसं. केंद्र सांभाळणारी तिथलीच एक शिक्षिका. तिने यादी पाहून मान हलवली. आजी वळली, आणि तिच्यामागे ती सगळी माणसं वळू लागली. 'आम्हाला यातही घेतलं नाही' एवढंच घेऊन ती घरी गेली असती, आणि पुढे काय पेटलं असतं ते तिथे प्रत्येकाला माहीत होतं. मी चक्क मराठीत ओरडले, "थांबा!" आजी थबकली. यादीला हात लावायची आम्हा परक्यांना मुभा नव्हती; देश त्यांचा, यादी त्यांची. शिक्षिकेला एवढंच म्हटलं, अजून दोनदा बघ. तिने पाहिलं. तिसऱ्यांदा नाव सापडलं, आजीने ज्या छावणीत आसरा घेतला होता तिच्या पानावर. मत देऊन आजी बाहेर आली ती बोट वर धरून. आई, अगदी तस्संच!

संध्याकाळी शिक्षिकेने विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हटलं, आईकडे. ती म्हणाली, मग तुझी आई दर वेळी मत देत असेल. मी हो म्हटलं.

ते खरं नाही. तुझ्या शेवटच्या वर्षी, मतदानाच्या दिवशी, तू सकाळपासून इस्त्रीची साडी नेसून, कार्ड हातात धरून खुर्चीत बसली होतीस. तुला खुर्चीसकट तीन जिने उतरवायचं म्हणजे दोन माणसं शोधायला हवी होती. मी खाली गेले, कोपऱ्यावर चहा प्यायले आणि वर येऊन सांगितलं, "यादीत तुझं नाव नाही." तू विचारलंस, "तीनदा बघितलंस?" मी हो म्हटलं. मग तू कार्ड पाकिटात ठेवून दिलंस.

तू गेल्यावर, मी शिकवते त्या माटुंग्याच्या कॉलेजात ड्युटीचा कागद आला, तेव्हा मी सर्टिफिकेट आणलं नाही. त्याच कामाने मला त्या देशापर्यंत नेलं. लोक याला सेवा म्हणतात, मी विषय बदलते.

तुझं कार्ड अजून कपाटात आहे. हे पत्र त्याच पाकिटात ठेवते. मी एकदाही बघितलं नव्हतं, आई.