तुमची धाकली कोणती?

डहाणू,
१४ ऑक्टोबर

प्रिय शितल,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. नाही उचललास तरी चालेल. जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्या तोंडून निघालंही नसतं. काल प्रवेशाच्या शेवटच्या फेरीची मुदत संपली. मी सकाळी दहापासून पडताळणीच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून होते. साडेपाचला शिपायाने दाराला कडी घातली आणि म्हणाला, "मॅडम, आता घरी जा. उद्या आलात तरी उपयोग नाही." तुझी मेडिकलची सीट गेली, शितल. नीटमध्ये तू मिळवलेले मार्क तसेच आहेत, पण जातीच्या पडताळणीचा कागद वेळेत आला नाही, म्हणून सीट गेली. हे तुला आधीच कळलं असेल. तरी माझ्याकडून कळायला हवं होतं.

शाळेत सगळं नेहमीसारखं चालू आहे. सकाळी सातला प्रार्थना, मग पंधरा मिनिटं त्या दिवसाची टेस्ट, मग तास. अकरावीच्या नव्या मुलांना वाटतं, आपण डॉक्टर-इंजिनिअर होऊनच या गेटमधून बाहेर पडणार. पालकांची मीटिंग झाली. चिकूच्या वाडीवाले पुढच्या रांगेत, बंदरावरचे मागे, आणि तलासरीकडून आलेले दोघे-तिघे भिंतीला टेकून उभे, खुर्च्या रिकाम्या असूनही. तुझे बाबा तसेच उभे राहायचे. गेटवर तुझा फोटो असलेला फ्लेक्स अजून आहे. 'आमचा अभिमान, कु. शितल शुक्रा वरठा, एमबीबीएस'. काढा म्हणून मी प्रिन्सिपल संदीप सरांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, गॅदरिंगपर्यंत राहू द्या. मी आता मागच्या फाटकाने येते-जाते.

तुला आठवीतला पहिला दिवस आठवतो का? मला रोज आठवतो. पाड्यावरच्या शाळेतून दरवर्षी दोन मुलींना आपल्याकडे मोफत घ्यायचं, असं ट्रस्टने ठरवलं आणि पहिल्याच वर्षी तू आलीस. एसटीने दीड तास उभ्याने आलेली, केसांना खोबरेल तेल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत वह्या. नव्या मुलांनी प्रार्थनेनंतर पुढे येऊन आपलं नाव सांगायचं, ही आपल्या शाळेची पद्धत. तू माइकजवळ गेलीस आणि म्हणालीस, "धाकली शुक्रा वरठा." तुझ्या वर्गातला भाविक मागून ओरडला, "मग थोरली कुठंय? तिला पण बोलवा ना!" अख्खी शाळा हसली. शिक्षकसुद्धा हसले. मीही हसले असेन, नक्की आठवत नाही, आणि हे न आठवणंच मला छळतं. त्या दिवशी तू डबा उघडला नाहीस. शेजारच्या बाकावरच्या हेतलने तुला ढोकळा दिला, तो तू संध्याकाळपर्यंत हातात धरून बसलीस.

तुला हे कधी सांगितलं नाही, पण माझं नाव जयश्री नव्हतं. माझ्या आईने माझं नाव पुतळी ठेवलं होतं. आई बंदरावर सुके बोंबील विकायची, आणि मी डीएडला गेले तेव्हा वर्गातली मुलं मला जिन्यात गाठून ओरडायची, "पुतळी, स्टॅच्यू!" मग मी हलले की टाळ्या. दोन वर्षं मी त्या जिन्यावरून जीव मुठीत धरून चढले. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात बोटाने 'जयश्री' लिहिलं आणि मला वाटलं, सुटले. पुढचे कागद-गॅझेट यांनीच केले, मला कधी दिसलेही नाहीत. नाव बदलायला एक ताट आणि एक बोट पुरतं, एवढंच मला ठाऊक होतं.

म्हणून त्या दुपारी मी तुला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि विचारलं, "शितल आवडेल?" तू मान हलवलीस. तेव्हा तू सगळ्यालाच मान हलवायचीस. खिडकी लावू का म्हटलं तरी हलवली असतीस. मी ते होकार म्हणून घेतलं. त्या वर्षात तू खरंच फुललीस, आणि मी मनात म्हणायचे, बघा, एका नावाने काय होतं. दहावीला तालुक्यात तिसरी आलीस तेव्हा मी वर्गात पेढे वाटले. पेढे तुझे होते, पण वाटताना मी स्वतःचंच कौतुक करत होते.

मागच्या रविवारी मी पाड्यावर गेले होते. तुझ्या आईने सांगितलं की तू गुजरातच्या हद्दीतल्या कंपनीत पॅकिंगला लागलीस, सकाळी सहाला टेम्पो येतो. तुझी छोटी बहीण रोशनी ओट्यावर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. हसली की तुझ्यासारखीच दिसते. तुझ्या बाबांनी मला खाट टाकून दिली आणि ऑगस्टमधली सगळी हकिकत सांगितली. तू तेव्हा माझ्याकडे फॉर्म भरायला डहाणूला आली होतीस, म्हणून तुला ती तुकड्यातुकड्यानेच कळली असेल. पडताळणीच्या ऑफिसकडून चौकशीला आलेल्या माणसाकडे दोन कागद होते. जातीचा दाखला पाड्यावरच्या शाळेच्या नोंदीवरून निघालेला, त्यावर धाकली. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर शितल. दोन्ही एकच, असं आपलं प्रतिज्ञापत्र त्याने वाचलं होतं. त्याने आधी विचारलं, "शितल कोण?" बाबा म्हणाले, "शितल? तशी कोणी नाय आमच्यात." घरात तुला त्या नावाने कोणी कधी हाक मारलीच नव्हती. मग त्याने विचारलं, "बरं, तुमची धाकली कोणती?" आणि बाबांनी रोशनीकडे बोट दाखवलं.

त्यात त्यांचं काय चुकलं, सांग. तू जन्मलीस तेव्हा तुम्ही दोघीच बहिणी, त्यात तू लहान, म्हणून तू धाकली. नंतर रोशनी झाली. कोणी पाहुणा दारात उभा राहून 'धाकली कोणती' विचारतो, तेव्हा बाप सगळ्यात लहान लेकीकडेच बोट दाखवणार. बाबा मला म्हणाले, "बाय, तो नाव इचारत होता, मला वाटलं पोर इचारतोय." त्या माणसाने लिहून नेलं की धाकली वरठा अकरा वर्षांची आहे, पाचवीत शिकते, आणि शितल नावाची मुलगी या घरात नाही. म्हणजे लहान बहिणीच्या दाखल्यावर भलतीच कोणी मेडिकलला जाते आहे. कागद एवढंच म्हणत होता. बाबा हे सांगताना हसायला गेले. मग त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी पाणी प्यायले आणि निघाले. त्यांना जे सांगायला गेले होते ते न सांगताच निघाले.

कारण त्यांचा, तुझा आणि सगळ्या शाळेचा समज आहे की नावाची चूक शाळेच्या ऑफिसमधल्या नविनभाईंनी केली. संदीप सरांनी मीटिंग घेऊन तसंच सांगितलं, "क्लेरिकल मिस्टेक." नविनभाईंना चार दिवसांत घरी बसवलं. बावीस वर्षं त्यांनी ते रजिस्टर लिहिलं. मी त्या मीटिंगमध्ये होते, शितल. दुसऱ्या रांगेत बसले होते. नविनभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्या दुपारी तुला स्टाफरूममधून पाठवल्यावर तुझा प्रवेशाचा फॉर्म मीच भरला. नविनभाई मला म्हणाले होते, "मॅडम, दाखल्यावर आहे तेच रजिस्टरला चढवायचं. शाळा बदलली म्हणून पोरीचं नाव नाय बदलत." मी त्यांना सांगितलं की धाकली हे घरचं लाडाचं नाव आहे, पाड्यावरच्या गुरुजींनी चुकून तेच लिहिलं, खरं नाव शितल. धडधडीत खोटं बोलले. त्यांनी माझ्या शब्दावर ते चढवलं. खाली तुझ्या बाबांनी सही केली, मी बोट ठेवलं तिथे. काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बारावीत तू दोन्ही कागद घेऊन आलीस, घाबरलेली, "मिस, यात काय होणार नाही ना?" तेव्हा तरी खरं सांगून सुधारायला वर्ष होतं हातात. मी म्हटलं, काही होत नाही गं, एक प्रतिज्ञापत्र पुरतं. मला नविनभाईंसमोर खोटी पडायचं नव्हतं. बास, एवढंच कारण.

परवा मी वाणगावला जाऊन त्यांना भेटले. स्टेशनजवळ भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. मी माफी मागितली तर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. आता बरं आहे, लोकांचे आधारकार्ड झेरॉक्स करतो, वाचत नाय." मला चहा पाजला. मी त्यांना विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? तर म्हणाले, "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

मग मी ते सगळं लिहून काढलं. नाव मी बदललं, खोटं बोलून बदललं, नविनभाईंचा आणि वरठा कुटुंबाचा दोष नाही. खाली सही केली आणि शिक्क्यासाठी संदीप सरांकडे नेलं. संदीप सर म्हणाले, "आता हे देऊन सीट परत येणार आहे का? रजिस्टर खोटं आहे म्हटल्यावर बाकीच्या पालकांना मी काय सांगू?" सीट येणार नाही, हे त्यांचं खरंच होतं. त्यांनी शाळेचा शिक्का दिला नाही. मी शिक्क्याशिवाय तो कागद काल पडताळणीच्या ऑफिसात दिला, आणि एक प्रत राजीनाम्यासोबत त्यांच्या टेबलावर ठेवली. नविनभाईंना कोणी परत बोलावेल असं मला वाटत नाही. उद्यापासून मी शाळेत नसेन. त्याने तुझं काही भलं होत नाही, हे मला कळतं. तू मला माफ करावंस असंही मी लिहीत नाही.

लिहायचं कारण सोबतचा अर्ज आहे. मार्कशीटवरचं नाव दुरुस्त करून मिळतं, पण या महिन्याच्या एकतीस तारखेच्या आत अर्ज द्यावा लागेल, नाहीतर पुढच्या मे महिन्याची परीक्षासुद्धा याच गोंधळात जाईल. तू पुन्हा परीक्षेला बसशील असं मला वाटत नाही. सहाच्या टेम्पोने जाऊन रात्री परतणारी मुलगी पुन्हा अभ्यासाला वेळ कुठून काढणार? तरी कागद तुझ्या हातात असावा. जन्मतारीख, पत्ता, बाबांचं नाव, सगळं मी भरलं आहे, पाड्यावरच्या शाळेच्या उताऱ्याशी अक्षर न् अक्षर ताडून. भरत भरत 'हवे असलेले नाव' या चौकटीपाशी आले आणि पेन आपसूक कागदावर टेकलं. ते मी उचललं. कुठलं नाव तुला हवं आहे, हे मी तुला आजवर खऱ्या अर्थाने एकदाही विचारलेलं नाही, आणि आता तू इथे नाहीस. तेवढी चौकट कोरी आहे. तिथे तुझ्या हाताने लिही.

तुझीच म्हणायचा हक्क गमावून बसलेली,
जयश्री मिस