पंचविसावी बरणी

मंगळवार, ३ फेब्रुवारी
साइट ऑफिस, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे मजेत. भाऊजींचे गुडघे काय म्हणतात? आणि तुझ्या नातीने माती खाणं सोडलं, की लेकीच्या गॅलरीतल्या कुंड्यांवर अजून डल्ला चालूच आहे?

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. आधी आनंदाची बातमी. तुझ्या घराचा ताबा सोमवारी मिळणार! मातीचा शेवटचा रिपोर्ट आज सकाळी आला. पास! मोठ्या साहेबांनी तो दोनदा वाचून दाखवला आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारख्या टाळ्या पिटल्या.

खरी मजा त्यानंतर झाली. पोकलेनवाला तुझ्या अंगणात शेवटची माती पसरत होता. एकदम मशीन बंद करून खाली उतरला आणि ओरडला, "साहेब, लवकर या!" आता आणखी काय निघालं? धावत गेलो, तर हा दांडगा माणूस उकिडवा बसलेला आणि त्याच्या पुढ्यात एक गांडूळ.

"आलं की हो राहायला," म्हणाला, "ताबा मिळायच्या आधीच!"

गवंडी आले, वॉचमन आला, ऑफिसातल्या बाई चहाचा कप घेऊन आल्या. गांडुळाचं एवढं कौतुक कुणी केलं नसेल. शेवटी त्याला अलगद उचलून भिंतीकडेला ठेवलं, तेव्हा कुठे काम पुन्हा सुरू झालं. त्या मातीची आम्ही काय बडदास्त ठेवली म्हणून सांगू! पूर्वी इथे असलेल्या ट्रक डेपोची जमिनीखालची जुनी गळकी टाकी काढली, डिझेल मुरलेली माती खणून ताडपत्रीवर पसरली, तिला खत घातलं, पाणी घातलं, दर आठवड्याला खालीवर केली. तेल खाणारे जंतू मातीतच असतात. त्यांना हवा-पाणी मिळालं की बसतात जेवायला. फक्त सावकाश जेवतात. अकरा महिने.

आता ते अकरा महिने. ताई, जरा बसून वाच.

टाकी निघाली म्हणून ताबा अडला, एवढंच तुला माहीत आहे. ती सापडली कशी, हे मी सांगितलेलं नाही. जुन्या नकाशावर ती नव्हतीच. ठरल्याप्रमाणे मी तपासणीसाठी चोवीस ठिकाणची माती काढली होती आणि चोवीसही बरण्या स्वच्छ निघाल्या. काम संपलं होतं. मी सहज तुझ्या अंगणात गेलो, तुझे टोमॅटो कुठे लागतील ते बघायला. उगाच थोडं उकरलं आणि माती नाकाशी नेली. माती हुंगायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. तो मोडला आणि ट्रकचा वास आला. तिथली माती मी पंचविसाव्या बरणीत भरली.

म्हणजे काम थांबवणारा मीच. मागे जेवताना तू त्या "मातीत नाक खुपसणाऱ्या शहाण्याचा" उद्धार केलास, तेव्हा मी मान खाली घालून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. टेबलाखालून तुझी वहिनी मला लाथा मारत होती.

पण हेही पूर्ण खरं नाही. लिहायला जड जातंय ते पुढेच आहे.

ती बरणी मी लगेच प्रयोगशाळेत दिली नाही. दोन दिवस घरच्या फ्रिजमध्ये ठेवली, दुधाशेजारी. त्याच दिवशी तुझा पडद्यांच्या मापांसाठी फोन आला होता. "तू तिथे आहेस म्हणून तर मी डोळे मिटून घर घेतलं," म्हणालीस. तुमचं सामान बांधून झालं होतं. चोवीस बरण्या पास होत्या आणि पंचविसावी मला कुणी मागितली नव्हती. ती बेसिनमध्ये ओतून द्यायचं माझ्या मनात आलं होतं, ताई. एकदा नाही, दोन्ही दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या वहिनीने फ्रिज उघडला.

"ही कुणाची माती?"

"ताईच्या अंगणातली."

"मग अजून इथे काय करतेय?"

तिने एवढंच विचारलं आणि दूध तापवायला गेली. मी चहाही न घेता बरणी उचलून प्रयोगशाळेकडे निघालो.

तुझ्या वनवासाचं मला वाईट वाटतं. लेकीकडच्या एका खोलीत, खोक्यांच्या गराड्यात तुम्ही दोघांनी दिवस काढलेत. पण लाज वाटते ती त्या दोन दिवसांची. बाकी आज मी इतका खूश आहे, की ऑफिसातल्या बाईंनी माझ्यासमोरून साखरेचा डबा उचलून नेला. तिसऱ्यांदा चहात घालत होतो म्हणे.

सोमवारी दहा वाजता मी फाटकापाशी उभा असेन. रागवायचं असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर रागव. तुझा तो हक्क आहे. फक्त आधी नातीला कडेवरून खाली सोड. खाऊ दे तिला काय खायची ती माती.

भाऊजींना नमस्कार, पोरीला पापा.

तुला अकरा महिने घराबाहेर ठेवणारा आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवणारा, पण तेव्हा दोन दिवस न दवडणारा,

तुझा धाकटा भाऊ