कोऱ्या पंचनाम्यावरची सही

२ जून
माफ कर, वही, इतके महिने तुला हात लावला नाही. लिहिलं की मान्य करावं लागतं.
नदीकाठच्या पटांगणात मुरूम पडला. प्लॉट पाडणार म्हणे. मोठ्या पावसात नदी तिथंच पसरते, गवतात मुरते, म्हणून खालची गल्ली वाचते. नववीच्या वर्गाला हे मी तिथंच उभं करून शिकवते. पूर ओसरला की लिंबाच्या खोडावर पोरी पाण्याच्या उंचीची रंगीत रेघ ओढतात.

३ जून
नगरपंचायतीत प्लॉटांची फाइल पाहिली. आत पंचनामा : 'सदर जागेत पुराचे पाणी येत नाही.' पंच क्र. २, माझं नाव. सहीही माझीच.
हिवाळ्यात तलाठी स्टाफरूममध्ये आले होते. कोरा छापील कागद. 'बाई, पिकाच्या नुकसानीचा हाय, मजकूर मागून भरतो.' दरवर्षीचंच. शिक्षिकेची सही असली की कागदाला वजन. चहा पिता पिता केली.
पोरींना सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. थू.

४ जून
तलाठ्यांना फोन. 'बाई, एवढं वाचत बसलं तर सरकारी काम हुईल का? अन् सही तर तुमचीच हाय.' हसले.


५ जून
लिंब तोडला. रेघा गेल्या.
बाजीरावमामा उरलेल्या गवतावर मेंढरं घेऊन उभे. त्यांची नऊ मेंढरं मागच्या पुरात इथूनच वाहून गेली होती. मला पाहून काठी टेकली. 'बाई, पाणी आलंच न्हाई म्हणं. मग माझी मेंढरं काय माजलगावला बाजाराला गेलती का? अन् सही कुणाची, तर भूगोलाच्या बाईची. लई शिकलेल्या तुमी.'
 

६ जून
प्लॉटांवरच्या हरकतींची मुदत उद्या संपते. मसुदा केला. पाणी, गवत, चराई, गल्ली, सगळं आलं. सहीचं वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
हे म्हणाले, 'तेवढं गाळ. नोकरीवर येईल.' येईलही. पण ते गाळलं तर फाइलमधला पंचनामा खरा ठरतो, आणि माझी हरकत खोटी.
चार दिवस तलाठ्याला शिव्या घालतेय. सोपं आहे ते.

उद्या : साडेदहाला हरकत द्यायची, सहीचं वाक्य पहिल्या ओळीत.